काउंट आले, आता घरी कसं राहायचं? बीएमटीनंतरचे पुण्यातले दिवस

डॉक्टर सकाळच्या राउंडला आले आणि म्हणाले, "काउंट आले. उद्या घरी." घरच्यांनी एवढंच ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीत पेढे वाटून झाले. त्यानंतर डॉक्टर जे वीस मिनिटं बोलले ते माझ्या नवऱ्याने एका जुन्या डायरीत उतरवून घेतलं होतं. ती डायरी समोर ठेवूनच हे लिहितेय. मला एएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार होता. धाकट्या भावाच्या पेशी घेऊन बोनमॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी), म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाचं रोपण झालं. पेशी त्याही अर्ध्याच जुळणाऱ्या. याला आता तीन वर्षं होतील. घर कर्वेनगरला, पेशाने शाळामास्तरीण.

आधी 'काउंट आले' याचा अर्थ. रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की नवीन पेशी रुजल्या असं धरतात. बहुतेकांचं हे दोन ते चार आठवड्यांत होतं. पण न्यूट्रोफिल ही नुसती पहिली फळी. जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या आणि विषाणूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी तयार व्हायला अनेक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. मी वर्गाच्या भाषेत सांगते: पट भरलेला आहे, पण सगळे नवीन ॲडमिशनचे आहेत, कुणाला काही म्हणजे काही येत नाही. त्यामुळे रिपोर्टवर सगळं नॉर्मल दिसत असताना माणूस आतून उघडाच असतो. घरच्यांना हे पटवणं हे सगळ्यांत अवघड काम आहे, आणि ते पेशंटलाच करावं लागतं.

स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील (मायलोमा, लिम्फोमा या रक्ताच्या इतर कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटना तसं करतात), तर बंधनं साधारण तीन महिन्यांत सैल होत जातात. दुसऱ्याच्या पेशी असतील तर वर्ष धरून चाला. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः या दुसऱ्या गटासाठी. आणि तुमच्या युनिटने, म्हणजे हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांट विभागाने, काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, माझं नाही.

घरी यायच्या आधी

माझ्या स्वागतासाठी घर रंगवून काढायचा घाट घातला होता. नशीब, नवऱ्याने सिस्टरना सहज विचारलं. भिंत घासताना उडणाऱ्या धुळीत आणि ओल आलेल्या प्लास्टरमध्ये बुरशीचे कण असतात. ॲस्परजिलस नावाची ही बुरशी तुम्ही-आम्ही रोज श्वासातून घेतो आणि काही होत नाही. बीएमटीच्या पेशंटच्या फुफ्फुसात मात्र ती घर करते आणि मग हटता हटत नाही. तेव्हा रंगकाम, सुतारकाम, टाइल्स फोडणं, यांतलं काहीही पेशंट घरात असताना नको. खोली निवडताना भिंतीला ओल नाही ना, एवढं आधी बघा. पुण्याच्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या भिंती काळ्या पडतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते. असली खोली स्वच्छ दिसली तरी घेऊ नका.

खोलीतून काय काय बाहेर काढायचं? रद्दीचा गठ्ठा, गालिचा, जाड पडदे, कुंड्या, पक्ष्याचा पिंजरा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेल तर तोही, कारण त्यातलं साचलेलं पाणी हवेत उडतं. एसी चालेल, पण त्याची जाळी धुवून घ्या. सासूबाईंच्या तुळशीवरून आमच्याकडे थोडं नाट्य झालं. तुळस काढायची नाही, यावर त्या ठाम. शेवटी तुळस राहिली गॅलरीत, पाणी घालायच्या त्या, आणि मी वर्षभर मातीला हात लावला नाही. गॅलरीचं दार बंद. तडजोड म्हणून वाईट नव्हती.

कबुतरं हा पुण्याचा स्वतंत्र विषय आहे. डक्टमध्ये, एसीच्या युनिटमागे, ग्रिलवर त्यांची विष्ठा वाळते आणि तिची धूळ खिडकीतून आत येते. त्यातही बुरशी असते. डिस्चार्जच्या आधी जाळी बसवून घ्या. साफ करणाऱ्याने विष्ठा ओली करून मगच खरवडावी, आणि तेव्हा पेशंट त्या घरात नसावा.

झाडू मारला की धूळ उडते. पेशंटला दुसऱ्या खोलीत बसवून ओल्या फडक्याने पुसून घेणं बरं. आणि कामाच्या मावशींशी नीट बोला. आमच्या मावशींना आम्ही सांगितलं, "सर्दी-खोकला, ताप, जुलाब, घरात कुणाला कांजिण्या, काहीही असलं तर यायचं नाही. पगार कापणार नाही." दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. पगार कापला जाणार असेल तर कुठलीही बाई खोकला लपवूनच येईल, आणि त्यात तिची काही चूक नाही.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी थोडं वेगळं. भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं पश्चिम महाराष्ट्रातला पेशंट मुंबईच गाठायचा. आता पुण्यातच सोय आहे, म्हणून सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडची माणसं इथे खोली घेऊन राहतात. दुसऱ्याच्या पेशींचं ट्रान्सप्लांट असेल तर बहुतेक युनिट पहिले शंभर दिवस हॉस्पिटलच्या जवळपास राहायला सांगतात. खोली बघताना भाडं शेवटी विचारा. आधी बघा: संडास-बाथरूम स्वतंत्र आहे का, कमोड आहे का, लिफ्ट नसेल तर मजला कितवा, स्वयंपाकाला ओटा आहे का, शेजारी बांधकाम चालू आहे का, आणि रात्री दोन वाजता रिक्षा-गाडी दारापर्यंत येते का. पेठांमधल्या काही वाड्यांत शेवटच्या प्रश्नालाच खोली बाद होते.

स्वयंपाकघर

पथ्य शब्द ऐकला की आपल्याकडे लगेच तेल-तिखट-आंबट आठवतं. इथलं पथ्य तसं नाही. इथे एकच कसोटी: ताटात आलेली वस्तू शिजलेली आहे का, आणि शिजल्यावर तिला कुणाचा हात, हवा, वेळ लागलाय का?

ही कसोटी लावली की मराठी ताटातल्या लपलेल्या कच्च्या वस्तू दिसायला लागतात. पोह्यांवरची कोथिंबीर आणि ओलं खोबरं. वरणावर पिळलेलं न धुतलेलं लिंबू. काकडीची कोशिंबीर, कांदा, पंचामृत, ताटातली चटणी. वरून भुरभुरलेली मिरपूड किंवा चाट मसालासुद्धा, कारण मसाल्यात बुरशीचे कण असतात आणि ते शिजल्यावरच मरतात. कोथिंबीर हवीच असेल तर फोडणीत घाला, खोबरं परतून घ्या. शेंगदाणे घरी खरपूस भाजून लगेच कूट करा आणि दोन दिवसांत संपवा. जुना, कुबट कूट डब्यासकट बाहेर.

शिजवल्यापासून दोन तासांत खायचं. उरलेलं लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्यांदा खाताना वाफा येईपर्यंत गरम करून. रात्रीची पोळी सकाळी चहाबरोबर खायची माझी जन्माची सवय, ती सुटली. दूध पिशवीचं असलं तरी उकळूनच, आणि गोठ्यातलं धारोष्ण दूध नाहीच. अंडं पूर्ण उकडलेलं, आतून पातळ नको. मासे-मटण खाणाऱ्यांनी ते चांगलं शिजवून खावं. कच्चं मटण आणि भाजी यांना विळी-सुरी वेगवेगळी. फळं जाड सालीची, म्हणजे केळं, संत्रं, पपई. आधी बाहेरून धुवायची, मग सोलायची, आणि घरच्याने धुतलेल्या हाताने. द्राक्षं, स्ट्रॉबेरी पुढे ढकला. दह्याबद्दल प्रत्येक युनिटचं मत वेगळं असतं. मला पहिले शंभर दिवस बंद होतं, माझ्या शेजारच्या खोलीतल्या काकांना चालत होतं. विचारून घ्या.

बाहेरचं काही नाही, हे सांगायला नकोच. रसवंतीतला रस, पाणीपुरी, भेळ, बर्फ घातलेलं काहीही, लग्नातलं ताक, सगळं बंद. पण प्रवासात भूक लागली तर छोट्या सीलबंद पुड्यातली बिस्किटं चालतात. मोठा पुडा आणून चार दिवस पुरवायचा नाही.

पाणी उकळायचंच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, मग झाकून गार. घरात फिल्टर असला तरी उकळा, कारण त्याची कॅन्डल शेवटची कधी बदलली हे सहसा कुणाला आठवत नाही. मी हे सांगायचे तेव्हा नातेवाइकांना अतिरेक वाटायचा. मग २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकामागोमाग एक निघाले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून जाणारा जिवाणू सापडला, आणि सगळं पुणं पाणी उकळायला लागलं. धडधाकट माणसांचं ते झालं, तर आपलं काय सांगावं! सोसायटीची टाकी कधी धुतली, टँकर कुठून येतो, हेही एकदा विचारून ठेवा.

आता तोंडाची चव. पहिले दोन महिने सगळं लोखंड चाटल्यासारखं लागायचं. स्टीलच्या चमच्याऐवजी प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहिला, थोडा फरक पडला. मला उतरायचे ते पदार्थ: मऊ मुगाची खिचडी आणि वर कडकडीत तुपाची धार, भाताची पेज, गरम आमसुलाचं सार, तव्यावरून ताटात आलेलं थालीपीठ. तोंडात फोड असतील तर सार झोंबतं, तेव्हा पेजच. तीन वेळा पोटभर जेवण जमत नाही. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर खा, आणि वजन आठवड्यातून एकदा लिहून ठेवा.

औषधी म्हणून येणाऱ्या वस्तूंपासून सांभाळा. गव्हांकुराचा रस कच्चा असतो. गुळवेल 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणून देतात, पण आपण गोळ्या घेतोय त्या प्रतिकारशक्ती दाबायच्या, शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. माझ्याकडे तीन महिन्यांत सात काढे आले. सगळ्यांना "आभारी आहे, डॉक्टरांना विचारून घेते" म्हटलं आणि कपाटात ठेवले. वाद घालायची ताकद नसते तेव्हा.

गोळ्या आणि लेव्हलचा दिवस

घरी आल्यावर दिवसाला पंधरा-वीस गोळ्या होतात. सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला आठवड्याचा डबा घ्या, तो रविवारी भरा, आणि भरणारा एक आणि तपासणारा दुसरा ठेवा. प्रत्येक गोळी कशासाठी ते पेशंटलाही माहीत हवं. ढोबळ मानाने चार गट: नवीन पेशींनी अंगावर हल्ला करू नये (या हल्ल्यालाच जीव्हीएचडी म्हणतात) म्हणून प्रतिकार दाबणारी, विषाणूंसाठी (नागीण उठू नये म्हणूनची असायक्लोविर यातच येते), बुरशीसाठी, आणि जिवाणूंसाठी.

यांतली प्रतिकार दाबणारी गोळी, टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, बारा-बारा तासांनी घ्यायची असते, म्हणजे आठ आणि आठ. 'लेव्हल' तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं, मग लगेच गोळी. कारण पुढच्या गोळीच्या अगदी आधी रक्तात औषध किती उरलंय, तेच त्यांना बघायचं असतं. मी एकदा सवयीने सातलाच गोळी घेऊन गेले. लेव्हल भरमसाट आली, डॉक्टर डोस कमी करायच्या बेतात होते, आणि मग माझ्या लक्षात आलं. चूक सांगितली म्हणून डोस वाचला. तेव्हापासून लेव्हलच्या आदल्या रात्री डब्याच्या त्या कप्प्यावर चिकटपट्टी लावतो, आणि ती गोळी वेगळ्या पुडीत माझ्या पर्समध्ये जाते.

बुरशीच्या गोळीमुळे टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणत ती मनाने बंद केली तर लेव्हल एकदम पडते आणि जीव्हीएचडी डोकं वर काढतो. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस यांनीही लेव्हल वाढते. गणपतीच्या सुमाराला बाजारात पपनसं येतात, तेव्हा हे लक्षात ठेवा. शहाळ्याचंही विचारून घ्या. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि टॅक्रोलिमसमुळे ते आधीच वाढलेलं असू शकतं. हात थरथरणं हा याच औषधाचा गुण. माझी फळ्यावरची अक्षरं वळणदार म्हणून शाळेत नावाजलेली, आणि मला चेकवर सही जमेना. डोस उतरला तशी थरथर गेली.

या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. दहा दिवसांचा साठा कायम जवळ हवा. कंपनी बदलून देत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅमसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने कधीच नाहीत, प्लेटलेट कमी असताना तर मुळीच नाहीत.

ताप

एवढा भाग फ्रीजवर लावून ठेवा.

१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, हा आकडा दिसला की युनिटच्या नंबरवर फोन करायचा आणि निघायचं. रात्रीचे तीन असोत, पाऊस असो. ताप नसताना थंडी वाजून हुडहुडी भरली तरी तेच, कारण स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबून राहतो.

मी हे पाळलं नाही. दुसरा महिना चालू होता, ऑगस्टमधला पाऊस. रात्री अकराला १००.६ आला. नवरा दिवसभर धावपळ करून नुकताच झोपला होता. त्याला कशाला उठवा म्हणून एक क्रोसिन घेतली. घाम आला, ताप उतरला, मलाही झोप लागली. पहाटे पाचला दात वाजायला लागले ते थांबेचनात. दंडातल्या पिक लाइनमध्ये (औषधं देण्यासाठी शिरेत ठेवलेली लांब नळी) जंतू झाले होते. अकरा दिवस ॲडमिट. क्रोसिनने ताप उतरतो, जंतू नाही. उलट सहा तास वाया जातात, आणि अशा पेशंटला अँटिबायोटिक पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हायला हवं.

म्हणून दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली हवी: शेवटचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी, ताजे रिपोर्ट, युनिटचं पत्र, मेडिक्लेमची कागदपत्रं, दोन एन९५ मास्क, मोबाइलचा चार्जर. कॅज्युअल्टीत शिरताच पहिलं वाक्य "ताप आलाय" असं नको. "बीएमटीचा पेशंट आहे, ताप आलाय, आमच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय" असं म्हणा. आम्हाला एकदा एका ठिकाणी खोकणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास बसवलं होतं. आम्ही भिडेखातर गप्प बसलो. तसं बसू नका, वेगळी जागा मागा.

आणि रस्ता ठरवून ठेवा. हे पुण्याबाहेरच्यांना कळणार नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे चारही रस्ते मिरवणुकीत असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पालख्या शहरात असतात ते दिवसही तसेच. हॉस्पिटल नदीच्या पलीकडे असेल तर कुठल्या पुलावरून जायचं ते आदल्या दिवशीच बघा.

भेटायला येणारी माणसं

आजारी माणसाला बघून येणं हे आपल्याकडे कर्तव्य असतं, आणि न येणाऱ्याचं नाव निघतं. त्यामुळे नकार पेशंटने द्यायचा नाही, घरातल्या वाईटपणा घेऊ शकणाऱ्या माणसाने द्यायचा. आमच्याकडे ते काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. दारातच "लांबूनच बघा हं, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे" असं त्या अशा काही म्हणायच्या की लोक जिन्यातूनच परतायचे. ज्यांना घ्यायचंच असेल त्यांच्यासाठी: सर्दी-ताप नको, चपला बाहेर, हात साबणाने धुतलेले, तोंडाला मास्क, दहा मिनिटं. फुलं आणि फळांच्या परड्या दाराबाहेर.

लहान मुलांचं नाजूक आहे. घरात बाळाला तोंडावाटे पोलिओचा डोस दिला तर तो विषाणू काही आठवडे शीतून बाहेर पडतो. म्हणून पल्स पोलिओच्या रविवारच्या आधी युनिटला विचारा. बाळाची लस चुकवायची नाही. तेवढे दिवस लंगोट पेशंटने बदलायचे नाहीत, शक्य तर बाळापासून लांब राहायचं. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर अंगावर काही दिसायची वाट न बघता त्याच दिवशी फोन. घरातल्या बाकी सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

पहिला गणपती मी खोलीच्या दारातून पाहिला. कापूर-धुपाचा धूर नको, तीर्थ नको, खिरापत नको. मी हिरमुसून डॉक्टरांना विचारलं, "मग मोदक?" ते म्हणाले, "उकडीचा ना? वाफेतून निघाल्यावर लगेच खा." नवऱ्याने चाळणीतून थेट माझ्या ताटलीत मोदक ठेवला, बोटं भाजून घेत. चव अजून नीट आली नव्हती. पण गुळाचा वास ओळखू आला.

बाहेर पडताना

पहिले काही महिने बाहेर पडणं म्हणजे ओपीडी आणि परत. गाडी असेल तर काचा वर. रिक्षा दोन्हीकडून उघडी, तेव्हा एन९५ नीट बसवून. पीएमपी, मेट्रो, मॉल, लग्न नको. सध्या प्रत्येक गल्लीत एक तरी जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली असते. पाडकाम दिसलं की दुसऱ्या रस्त्याने जा. आमच्या समोरचीच इमारत पडत होती. चार महिने त्या बाजूच्या खिडक्या बंद, फटीला ओली फडकी, आणि मी मागच्या खोलीत.

उन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी भडकतो. इथे पुण्याच्या मुलींचा कित्ता गिरवा. स्कूटरवरचा तो सनकोट आणि डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ अगदी आपल्यासाठीच बनलाय. स्कार्फच्या आत मास्क, उघड्या भागावर सनस्क्रीन.

जीव्हीएचडी म्हणजे दात्याच्या पेशींनी आपल्या शरीराला परकं समजणं. तळहात-तळपायांवर, कानामागे लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे होणं, ही सुरुवातीची लक्षणं. पुढे डोळे-तोंड कोरडं पडणं, कातडी घट्ट होणं. "जुलाब होतात" एवढं सांगून भागत नाही, किती वेळा आणि अंदाजे किती मिली ते विचारतात, म्हणून खुणा केलेला मग ठेवा. लवकर कळलं तर आवरता येतं. पुरळ 'उष्णतेचे' म्हणून दोन दिवस थांबू नका, आणि फोटो काढून ठेवा.

स्टेरॉइडने मांड्यांची ताकद जाते. जमिनीवर बसलं की उठता येत नाही. खुर्ची उंच, बाथरूममध्ये धरायला दांडा. रोज चाला. पहिल्या दिवशी पलंग ते गॅलरीचं दार, मग पॅसेज, मग जिन्याच्या चार पायऱ्या. मी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या असं ठरवलं होतं. पावणेदोन वर्षं लागली, आणि मध्ये तीनदा बसले. थकवा कधी कधी असा येतो की वेणी घालायलाही हात उचलत नाही (वेणी घालण्याइतके केस आले तेव्हाची गोष्ट). त्या दिवशी झोपा. घरच्यांना तो आळस वाटतो, तसा तो नसतो.

पाकिटातली चिठ्ठी

दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या पेशंटला रक्त किंवा प्लेटलेट चढवायचे तर ते 'इरॅडिएटेड', म्हणजे किरण देऊन आतल्या जिवंत लिम्फोसाइट निकामी केलेले लागतात. अपघात होऊन भलत्याच हॉस्पिटलात पोहोचलात तर तिथल्यांना हे कसं कळणार? कागदावर लिहून, लॅमिनेट करून पाकिटात ठेवा: ट्रान्सप्लांटची तारीख, प्रकार, 'फक्त इरॅडिएटेड रक्त', ॲलर्जी, युनिटचा फोन. रक्तगटही लिहा, कारण तो बदलतो. माझा ओ होता, आता भावाचा बी आहे, आणि माझ्या रक्तातली गुणसूत्रंही त्याचीच, पुरुषाची. भाऊबीजेला तो ताटात काही टाकायला लागला की मी म्हणते, "राहू दे, ॲडव्हान्स दिलायस."

लसीकरण पहिल्यापासून

लहानपणी घेतलेल्या लसी जुन्या मॅरोबरोबर बहुतेक पुसल्या जातात. म्हणून साधारण तीन-सहा महिन्यांपासून न्यूमोकोकल, मग वर्षभराच्या आत-बाहेर डीपीटी, इंजेक्शनचा पोलिओ, हिब, हिपॅटायटिस बी, आणि दरवर्षी फ्लू असं वेळापत्रक युनिट आखून देतं. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत लसी मात्र दोन वर्षांनंतरच, तेही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या सुटल्या असतील तर. तारखांची वही करा. गोळ्या कमी होतात, फेऱ्या कमी होतात, आणि लसी नेमक्या तेव्हाच विसरल्या जातात.

यांतल्या बऱ्याच लसी बालरोगतज्ज्ञांकडेच तयार मिळतात. मी गेले तेव्हा भिंतीवर हत्ती-जिराफ होते आणि माझ्या दोन्ही बाजूंना रडणारी बाळं, म्हणून मी कोपऱ्यात, मास्क लावून. सिस्टरने माझी वही चाळली, डीपीटी पहिला डोस, पोलिओ पहिला डोस, आणि दाराकडे बघत म्हणाली, "बाळाला आत घेऊन या ना."

"मीच," म्हटलं, आणि बाही वर केली.